होडीच्या ग्लँडाची दोरी



यंत्रावर चालणाऱ्या होडीच्या तळाशीं तिचा मालक पैसे मोजून एक भोंक पाडून घेतो. सुतारानें फळीला फळी भिडवून, सांध्यासांध्यांत कापसाची वात ठोकून ज्या पाण्याला बाहेर ठेवलें, त्याच पाण्याला हें भोंक दार उघडून देतें. पण त्याला इलाज नसतो. इंजिन होडीच्या पोटांत आणि पंखा बाहेर पाण्यांत. या दोहोंना जोडणारा दांडा कोठून तरी बाहेर काढलाच पाहिजे, आणि बाहेर काढल्यावर तो मिनिटाला पांचसहाशें वेळां फिरलाहि पाहिजे. एका जागीं स्थिर राहणारा खुंटा असता, तर भोंवतीं राळ ओतून भोंक कायमचें बुजवितां आलें असतें. फिरत्या दांड्याभोंवतीं तें कसें बुजवावयाचें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी कोणी यंत्रशास्त्री नव्हें. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकींत आयुष्य घालविलेला मी मनुष्य. परंतु ज्या शाळेंत मीं अधिक वर्षें काढलीं तिचें पटांगण संपलें कीं पुळण सुरू होई, आणि माझ्या हाताखालून गेलेले पुष्कळ विद्यार्थी आज कोणी तांडेल, कोणी नाखवा, तर कोणी इंजिनावरचे मिस्त्री आहेत. त्यांच्या होड्यांवर बसून जें पाहिलें, विचारलें आणि मग पुस्तकांतून पडताळून घेतलें, तेंच येथें सांगतों. ज्यांचें पोट दर्यावर आहे त्यांच्यासाठीं हें भाषण मुख्यतः आहे. इतरांनाहि तें अगदींच परकें वाटूं नये. कारण घरांतील नळाच्या तोटीपासून विहिरीवरील पंपापर्यंत, जेथें जेथें दांडा फिरतो आणि पाणी आवरावयाचें असतें, तेथें तेथें पुष्कळदां हीच युक्ति योजलेली आढळते.

युक्ति जुनी आहे. वाफेच्या इंजिनांत दट्ट्याचा दांडा ज्या झाकणांतून आंतबाहेर होई, तेथें वाफ अडविण्यासाठीं वाख आणि चरबी कोंबीत असत. १८३६ सालीं फ्रान्सिस पेटिट स्मिथ व जॉन एरिक्सन या दोघांनीं इंग्लंडांत आपापल्या पंख्यांचे हक्क नोंदविले, आणि पुढें हळूहळू आगबोटींच्या बाजूंचीं मोठीं चाकें जाऊन मागें पाण्याखालीं पंखा आला. दांडा पाण्याखालून बाहेर काढण्याचा प्रश्न त्याबरोबरच आला, आणि तोच वाख व तीच चरबी तेथेंहि कामास आली. दांड्याला बाहेरच्या बाजूस आधार देणारा धातूचा भाग मात्र भराभर झिजे. १८५४ मध्यें जॉन पेन यानें तेथें लिग्नम व्हायटी नांवाच्या अत्यंत कठीण व तेलकट लाकडाच्या पट्ट्या बसवून तो प्रश्न सोडविला. आपल्या कोंकणांतील मासेमारीच्या होड्यांवर इंजिनें चढूं लागलीं तीं प्रामुख्यानें स्वातंत्र्यानंतर. तोंवर शीड आणि वल्हें यांवर काम चालत असल्यामुळें असें भोंक पाडण्याची गरजच नव्हती.

आतां रचना पाहूं. होडीच्या मागील भागांत तळाच्या जाड लाकडांतून एक नळी आरपार बसविलेली असते. तिला स्टर्न ट्यूब म्हणतात. दांडा, म्हणजे ज्याला खलाशी शाफ्ट म्हणतात तो, या नळींतून जातो. नळीच्या बाहेरच्या तोंडाशीं त्याला आधार देणारें बेअरिंग असतें. हल्लीं तें बहुधा रबराचें, आंतून पन्हळी पाडलेलें असतें, आणि समुद्राचें पाणी हेंच त्याचें वंगण. अर्थात् नळी नेहमीं पाण्यानें भरलेलीच असते. या नळीच्या आंतल्या तोंडाशीं, इंजिनाच्या बाजूस, एक पितळी पेटी असते. इंग्रजींत तिला स्टफिंग बॉक्स म्हणतात, आणि कोंबण्याची पेटी हा त्या नांवाचा सरळ अर्थ आहे. पेटीचा आंतला व्यास दांड्याहून मोठा असल्यामुळें दांड्याभोंवतीं एक पोकळी उरते. त्या पोकळींत चौकोनी विणीच्या दोरीचीं तीन, चार किंवा पांच कडीं एकापुढें एक बसवितात आणि वरून एक पितळी टोपण दोन बोल्टांनीं आंत दाबतात. हें दाबणारें टोपण म्हणजे ग्लँड. लहान होड्यांवर दोन बोल्टांऐवजीं सबंध पेटीवरच एक मोठा नट फिरवून बसवितात, आणि तो आपोआप सैल होऊं नये म्हणून दुसरा नट त्याला टेकवून ठेवितात. आमच्या किनाऱ्यावर पेटी, टोपण, दोरी या सर्वांना मिळून ग्लँड म्हणण्याची चाल आहे. पुढें मीहि तसेंच म्हणणार आहें. टोपण दाबलें कीं दोरी फुगून आडवी पसरते. बाहेरून ती पेटीच्या भिंतीला आणि आंतून दांड्याला भिडते. सारी करामत एवढीच.

पाणी किती जोरानें आंत येऊं पाहतें? पाण्यांत एक मीटर खोल गेलें कीं दर चौरस सेंटिमीटरवरील दाब सुमारें शंभर ग्रॅमनीं वाढतो, आणि मध्यम होडीचा दांडा या ठिकाणीं मीटरभर खोलहि क्वचितच असतो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर फार तर शंभर ग्रॅमचें वजन! एवढ्याला अडविण्यासाठीं पान्यावर लोंबकळण्याचें कारण नाहीं. मात्र दाब थोडा म्हणून पाणीहि थोडें असें कोणी समजूं नये. दोरी मुळींच नसेल आणि ५० मिलिमीटर जाडीच्या दांड्याभोंवतीं एकच मिलिमीटरची फट उघडी असेल, तर अर्धा मीटर खोलीवर त्या फटींतून मिनिटाला दहापंधरा लिटर पाणी येऊं शकतें. मिनिटाला एक बादली! रात्रीं, इंजिनाच्या आवाजांत, फळ्यांखालीं तें येत राहिलें तर तांडेलाच्या पायाला पाणी लागेपर्यंत कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

दुसरा हिशेब उष्णतेचा. हाच ५० मिलिमीटरचा दांडा घेऊं. त्याचा घेर १५७ मिलिमीटर. मिनिटाला ६०० फेरे धरले तर दांड्याचा पृष्ठभाग दोरीवरून मिनिटाला ९४ मीटर घांसत जातो. तासाला साडेपांच किलोमीटरांहून अधिक. दहा तासांच्या फेरींत छप्पन्न किलोमीटर! बिचारी दोरी जागच्या जागीं बसून एवढें अंतर सोसते. नांगराची दोरी मुठींतून सरसर सुटली म्हणजे तळहाताचें काय होतें हें प्रत्येक खलाशाला ठाऊक आहे. तेंच पेटीच्या आंत व्हावयाचें नसेल, तर दोरी आणि दांडा यांच्यामध्यें पाण्याचा एक पातळ पापुद्रा सतत असला पाहिजे. तो घर्षण कमी करतो, आणि निर्माण झालेली ऊब आपल्याबरोबर बाहेर घेऊन येतो. पापुद्रा हालता राहण्यासाठीं पाणी एका बाजूनें आंत शिरून दुसऱ्या बाजूनें टपकलें पाहिजे. तेव्हां ग्लँडाकडे पाणी मोजून आंत घेणारी तोटी म्हणूनच पाहावें.

मोजून म्हणजे किती? दांडा फिरत असतां मिनिटाला दोनतीन थेंबांपासून आठदहा थेंबांपर्यंत पाणी पडावें. दांडा थांबला कीं तें बंद व्हावें किंवा जवळजवळ बंद व्हावें. या थेंबांची कित्येकांना फार धास्ती वाटते, म्हणून गणित करून दाखवितों. साधारणपणें वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला सहा थेंब धरले, तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १८ मिलिलिटर. चोवीस तास इंजिन अखंड चाललें तरी अर्धा लिटरसुद्धां होत नाहीं. एक तांब्या पाणी! सेकंदाला एक थेंब पडूं लागला तर मात्र चोवीस तासांत चार लिटरांहून थोडें अधिक होईल. होडी बुडविण्याइतकें तेंहि नव्हे, परंतु पाना हातीं घेण्याची वेळ आली असें तें सांगतें. थेंब सुटून धार लागली तर तिची चालढकल करूं नये.

कोरडा ग्लँड ही नीटनेटकेपणाची खूण आहे असा समज मीं सर्वत्र पाहिला. जितकें घट्ट तितकें चांगलें, असें हातपंपावर शिकलेला मिस्त्री होडीवरहि मानतो. अशा ग्लँडांत काय घडतें तें क्रमानें ऐका. टोपण फार आंवळलें कीं पाण्याचा पापुद्रा तुटतो. पेटी तापते. दोरींतील चरबी वितळून निघून जाते, आणि ती गेल्यावर दोरी आखडून दगडासारखी कडक होते. कडक दोरींत मीठ आणि रेतीचे कण अडकून बसतात आणि ती कानशीसारखी दांडा कापूं लागते. दांड्यावर खांचा पडल्या कीं त्या खांचांतून पाणी येऊं लागतें. मग पाणी येतें म्हणून मिस्त्री आणखी आंवळतो! मासेमारी सुरू होण्याच्या सुमारास आमच्या गांवच्या एका होडीवर नवी दोरी भरून असाच पाना मारण्यांत आला. बंदरांत थेंबहि पडत नव्हता आणि सारे खूष होते. बाहेर गेल्यावर तासाभरांत इंजिन जड ओढूं लागलें. फळी उचलून पाहतात तों पेटींतून वाफ निघत होती. तांडेल शहाणा; त्यानें इंजिन बंद करून नट सैल केले, पाणी आंत येऊं दिलें, पेटी निवल्यावर हळूहळू होडी माघारीं आणली. दोरी काढली ती जळक्या लाकडासारखी मोडत होती, आणि दांड्यावर तीन खांचा नखाला लागत होत्या. नवा दांडा येऊन बसेपर्यंत हंगामाचे पहिले पंधरा दिवस होडी किनाऱ्यावर राहिली. हंगामाच्या आरंभींचे पंधरा दिवस म्हणजे काय, तें किनाऱ्यावरच्या माणसांना सांगावयास नको. त्या होडीवर सात घरांचें पोट होतें. दोन घरचीं मुलें माझ्या वर्गांत होतीं. डबा न आणतां येणाऱ्या मुलाला मधल्या सुटींत काय विचारावें हें मास्तरालाहि कळत नाहीं.

आतां दोरीची निवड. दुकानांत ग्लँडाची दोरी म्हणून जें मागितलें तें मिळतें. पण दोऱ्या अनेक जातींच्या असतात. सर्वांत जुनी व अजूनहि भरंवशाची दोरी जवसाच्या झाडाच्या वाखाची, म्हणजे फ्लॅक्सची. तींत चरबी किंवा मेण मुरविलेलें असतें. ती पाण्यांत किंचित् फुगते, त्यामुळें पेटींत नीट बसते, दांड्याशीं मऊपणानें वागते, आणि स्वस्तहि असते. तिचा दोष एवढाच कीं चरबी कालांतरानें धुऊन जाते. वारंवार लक्ष द्यावें लागतें आणि एकदोन हंगामांनीं ती बदलावी लागते. दुसरी, कृत्रिम धाग्यांत टेफ्लॉन मुरविलेली पांढरी दोरी. ती अतिशय निसरडी, अधिक टिकाऊ आणि कमी थेंबांवर चालणारी आहे, किंमतहि तशीच. पण टेफ्लॉन उष्णता सहज वाहून नेत नाहीं. त्यामुळें निसरडी आहे म्हणून वाटेल तशी आंवळली, तर ती वाखाच्या दोरीइतकीच, किंबहुना अधिक लवकर, पेटी तापविते.

काळी, शिसपेन्सिलीच्या रंगाची दोरी विहिरीच्या पंपांवर सर्रास वापरतात. तिच्यांत ग्रॅफाइट असतें. गोड्या पाण्यांत ती चालून जाते. खाऱ्या पाण्यांत, दांडा न गंजणाऱ्या पोलादाचा असला तरी, मी ती वापरूं नये असेंच म्हणेन. खाऱ्या पाण्यांत दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांस टेकले कीं त्यांची बॅटरी तयार होते, आणि त्यांतील एक पदार्थ दुसऱ्याला खातो. ग्रॅफाइट आणि धातु यांच्या जोडींत खाल्ला जातो तो धातु. होडी बांधून ठेविलेली असते, पेटींतील पाणी हालत नसतें, अशा वेळीं तर दोरीखालीं दांड्याला देवीच्या वणांसारखे खड्डे पडतात. वरून पाहणाराला दांडा स्वच्छ दिसतो. दोरी काढली म्हणजे खरी स्थिति कळते. जुन्या काळच्या कित्येक दोऱ्यांत ॲस्बेस्टॉसहि असे. त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास पुढें कित्येक वर्षांनीं कर्करोगापर्यंत मजल जाते, हें आतां निर्विवाद ठरलेलें आहे. तेव्हां जुन्या होडीची दोरी कशाची आहे हें ठाऊक नसेल, तर ती कोरडी खरडूं नये, भिजवूनच काढावी, आणि नवी तर ॲस्बेस्टॉसची मुळींच घेऊं नये. माझें मत विचाराल तर मासेमारीच्या होडीला चांगली वाखाची दोरी पुरेशी आहे. ज्याला परवडेल त्यानें टेफ्लॉनची घ्यावी. दोरी घेतांना ती बोटाभोंवतीं गुंडाळून पाहावी. मऊ, तुळतुळीत, हाताला किंचित् चिकट लागली तर ताजी; करकरली तर ती दुकानांतच म्हातारी झाली असें समजावें.

माप अंदाजानें घेऊं नये. पेटीच्या आंतल्या व्यासांतून दांड्याचा व्यास वजा करावा आणि बाकीला दोनानें भागावें. पेटी आंतून ७० मिलिमीटर आणि दांडा ५० मिलिमीटर, तर बाकी वीस, आणि दोरी १० मिलिमीटरची. हें तिसऱ्या इयत्तेचें गणित आहे. तरीहि जुन्या दोरीचा चेपलेला तुकडा दुकानीं नेऊन त्याच्यासारखी नवी मागणारेच अधिक. चेपलेल्या तुकड्याचें माप चुकीचेंच असणार! नवी दोरी केसभर जाड निघाली तर ती हातोडीनें ठोकूं नये. ठोकल्यानें धागे तुटतात. पाटावर ठेवून पोळीसारखी लाटावी. घरचें लाटणें मात्र नेऊं नये, लोखंडी नळीचा तुकडा पुरतो.

दोरी बदलण्यास पावसाळ्याची बंदी, जेव्हां होडी वर ओढलेली असते, तीच वेळ उत्तम. मध्येंच निकड पडली तर ओहोटीला होडी पुळणीवर टेकवावी. भरती व ओहोटी यांत सुमारें सहा तासांचें अंतर असतें आणि हें काम दोन तासांचें आहे. होडी पाण्यांत असतांनाहि कुशल माणसें दोरी बदलतात, कारण बेअरिंगमधून येणारें पाणी पंपानें उपसतां येतें. परंतु एकट्यानें, पंप नादुरुस्त असतां, तें धाडस करूं नये.

जुनी दोरी सारीच्या सारी काढावी. वरचीं दोन कडीं काढून त्यांवर नवीं घालण्याची आळशी रीत आहे. तळाचें जळकें कडें तसेंच राहतें आणि नव्यांना वाया घालवितें. बुचाच्या मळसूत्रासारखें टोंक असलेलें एक हत्यार यासाठीं मिळतें. तें दोरींत फिरवून ओढावें, दांड्यावर मात्र ओरखडा येऊं देऊं नये. निघालेलीं कडीं मोजून ठेवावीं. कांहीं पेट्यांना बाहेरून वंगणाची कुपी किंवा पाण्याची बारीक नळी असते. अशा पेटींत मधोमध एक भोंकाभोंकांचें पितळी कडें सांपडेल. तें कितव्या जागीं होतें हें लिहून ठेवावें व बरोबर तेथेंच, बाहेरच्या छिद्राच्या समोर, परत बसवावें. मग दांडा चिंधीनें पुसून त्यावर बोटाचें नख फिरवावें. नख अडकलें तर खांच आहे, आणि खांचेच्या दांड्यावर कोणतीहि दोरी फार दिवस चालत नाहीं. एक तर पेटी थोडी पुढेंमागें सरकवितां येते का पाहावें, नाहीं तर दांड्यावर पातळ नळी चढवून घ्यावी किंवा दांडा बदलावा.

नवीं कडीं कापावयाचीं तीं दांड्यावर नव्हे, तर त्याच जाडीच्या लाकडावर किंवा नळीवर. दांड्यावर सुरी चालविली तर नव्या दोरीचें स्वागत आपण खांचेनें केलें असें होईल. दोरी मळसूत्रासारखी चारपांच वेढे गुंडाळावी आणि सर्व वेढ्यांवरून एकच तिरपा छेद द्यावा, म्हणजे सारखीं कडीं मिळतात. टोंकें एकमेकांस बरोबर भिडलीं पाहिजेत. मध्यें फट नको आणि एकावर एक चढावयासहि नकोत. लांबच लांब दोरी न कापतां गोलगोल कोंबूं नये. त्या नागमोडी वाटेनेंच पाणी आरामांत आंत येतें. एक एक कडें वंगण लावून, स्वतंत्रपणें, लाकडाच्या अर्धगोल तुकड्यानें शेवटपर्यंत सारून बसवावें. पहिल्या कड्याचा सांधा वर आला तर दुसऱ्याचा तिसरा भाग फिरवून, तिसऱ्याचा आणखी तितकाच फिरवून ठेवावा. चार कडीं असतील तर पाव पाव फेऱ्यानें. सांधे एका ओळींत आले तर तें एक सरळ पन्हळच झालें.

यानंतर टोपण हातानें लागेल तेवढेंच घट्ट करावें आणि पाना खिशांत ठेवावा. येथें माणसाचा धीर सुटतो. होडी पाण्यांत गेल्यावर पाणी येतें, येऊं द्यावें. होडी धक्क्याला चांगली बांधून इंजिन मंद गतीनें पंख्यासह पंधरावीस मिनिटें चालवावें, म्हणजे दोरी भिजते व आपल्या जागीं बसते. मग इंजिन थांबवावें. दांडा फिरत असतां ग्लँडावर वांकूं नये, कारण लुंगीचा सोगा, गळ्यांतील पंचा किंवा सैल बाही त्यांत गुंडाळण्यास क्षण लागत नाहीं. दोन्ही नट सारखे, प्रत्येकीं षट्कोनाची एक बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, फिरवावे. पुन्हां इंजिन चालवावें, दहापंधरा मिनिटें थांबावें, थेंब मोजावे. फिरून एक बाजू. दोन्ही बाजूंनीं टोपण आणि पेटी यांमधील अंतर पट्टीनें मोजीत जावें. एका बाजूस अधिक आंवळलें तर टोपण तिरकें होऊन धातूच दांड्यावर घांसतो. थेंब ठरल्या प्रमाणांत आले, कीं इंजिन थांबवून पेटीवर तळहात ठेवावा. कोमट लागली तर ठीक. हात सहज ठेववत नसेल तर नट मागें फिरवावे, थेंब वाढले तरी हरकत नाहीं. सर्व समाधानकारक झालें म्हणजे दुसरे नट टेकवून बंद करावे. पहिल्या दोनतीन फेऱ्यांनंतर दोरी आणखी दबते. तेव्हां पुन्हां एकवार असेंच, सहाव्या भागानें, जुळवून घ्यावें. वंगणाची कुपी असेल तर तिचा दट्टा खारें पाणी सहन करणाऱ्या वंगणानें भरून दररोज थोडा फिरवावा.

इतकें करूनहि ग्लँड दोनचार आठवड्यांनीं पुन्हां गळूं लागला, तर दोरीला शिव्या देऊं नयेत. दोष बहुधा अन्यत्र असतो. बाहेरचें बेअरिंग झिजलें असेल तर दांडा आंत थरथरतो आणि दोरीला दोन्ही बाजूंनीं ठोसे देतो. पंखा हातानें वरखालीं हलवून पाहिला कीं तें कळतें. किंवा इंजिन आणि दांडा एका रेषेंत नसतील. दोहोंना जोडणाऱ्या चकत्यांचे बोल्ट काढून त्यांमधील फट पातळ पत्र्याच्या मापानें चारी बाजूंनीं मोजावी. १०० मिलिमीटरच्या चकतीवर ती एका बाजूस दुसऱ्या बाजूपेक्षां एक दशांश मिलिमीटरहून अधिक नसावी. हें मोजमाप होडी पाण्यांत तरंगत असतांना करावें. किनाऱ्यावर टेकलेली लाकडी होडी आणि पाण्यांत तरंगणारी तीच होडी, यांचा आकार अगदीं एक नसतो.

पुष्कळ होड्यांत पेटी नळीला थेट न जोडतां जाड रबरी नळीनें जोडलेली असते, म्हणजे दांड्याबरोबर तिला किंचित् हलतां येतें. ही रबरी नळी फुटली तर दोरी कितीहि उत्तम असो, मीं मघां सांगितलेली बादलीची धार सुरू होते. थेंबांकडे टक लावून बसणारे या नळीकडे पाहत नाहींत, याचें मला नेहमीं नवल वाटतें. ती दाबून पाहावी. तडे, फुगवटा किंवा मऊपणा आढळला तर बदलावी. आणि प्रत्येक टोंकाला न गंजणाऱ्या पोलादाचे दोन दोन पट्टे असावेत.

हल्लीं थेंबहि न पडणारे सील निघाले आहेत. त्यांत दांड्याबरोबर फिरणारी पोलादी चकती आणि रबरी भात्यानें तिच्यावर दाबलेलें कार्बनचें कडें, यांचे गुळगुळीत चेहरे एकमेकांवर फिरतात. सहलीच्या होड्यांना ते चांगले. ते बिघडले तर मात्र एकाएकीं बिघडतात, आणि दर्यावर ते दुरुस्त करणें अवघड. दोरीचा ग्लँड आधीं थेंब वाढवून सूचना देतो, आणि दोन पान्यांनीं त्याची समजूत घालतां येते. किनाऱ्यापासून दूर जाळीं टाकणाऱ्या माणसासाठीं मी तरी अजून दोरीच पसंत करतों. मापाचीं कापलेलीं चार कडीं वंगणांत बुडवून, झांकणाच्या डब्यांत घालून, डब्यावर दांड्याचें व दोरीचें माप रंगानें लिहून होडीवर ठेवावें. आणि ग्लँडाचे दोन पाने तेथल्या तेथेंच खुंटीला टांगलेले असावेत, इंजिनाच्या इतर हत्यारांत मिसळूं देऊं नयेत.

आणखी एक. पावसाळाभर होडी वर राहिली म्हणजे पेटींतील वाखाची दोरी वाळून आखडते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी पाण्यांत लोटली कीं ग्लँडांतून भराभर पाणी येऊं लागतें, आणि जमलेल्या मंडळींपैकीं कोणी तरी पाना शोधूं लागतोच. त्याला थांबवावें. होडीवर एक माणूस पंपासह बसवून ठेवावा आणि दोरीला पांचसहा तास पाणी पिऊं द्यावें. फुगल्यावर ती पुष्कळदां आपोआप आवरते. संध्याकाळीं थेंब मोजावे, आणि त्यानंतर, लागलाच तर, नट फेऱ्याच्या सहाव्या भागानें फिरवावा.